सिंहगडावरचा टॉवर आणि आपला आवाज



मागच्या पावसाळ्यात वस्तीतल्या अभ्यासवर्गाची मुलंमुली घेऊन आम्ही सिंहगडावर गेलो होतो. पिठलं-भाकरी झाली, मडक्यातलं दही झालं, तानाजी मालुसरेंच्या समाधीपाशी फोटो झाले. मग दहावीतली एक मुलगी आकाशाकडे बोट करून म्हणाली, "दादा, हा एवढा मोठा टॉवर मोबाईलचा का?"

आम्ही सांगितलं, "दूरदर्शनचा."

"मग याच्यात बोलतं कोण?"

"इथे कुणी बोलत नाही. मुंबईत बोलतात, दिल्लीत बोलतात. हा फक्त पुढे पाठवतो."

"बोलत नाही, तर एवढा उंच कशाला?"

बाकीची मुलं हसली. आम्हीही हसलो. पण गड उतरताना तो प्रश्न डोक्यातून जाईना. बोलत नाही, तर एवढा उंच कशाला? हा लेख त्या मुलीला दिलेलं उशिराचं उत्तर आहे. आपल्याकडे माध्यमांचा इतिहास म्हटलं की वर्तमानपत्रं, संपादक आणि अग्रलेख यांच्यावर चर्चा होते. डोंगरावरच्या लोखंडी मनोऱ्याचा इतिहास कुणी सांगत नाही. चळवळीतल्या तरुणांनी तो वाचला पाहिजे, कारण आज आपल्या हातातल्या मोबाईलबद्दल आपण जी चूक करतो आहोत ती या मनोऱ्याकडे पाहिल्यावर कळते.

रिले केंद्र म्हणजे काय?

टीव्हीच्या लहरी सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की पलीकडे सावली पडते. उन्हाची पडते तशीच, फक्त डोळ्यांना दिसत नाही. मुंबई आणि पुण्याच्या मध्ये सह्याद्री उभा आहे. त्यामुळे मुंबईतून निघालेलं चित्र पुण्याच्या पत्र्याच्या घरात आपोआप पोहोचणं शक्य नव्हतं. त्यावर उपाय असा की, मध्ये एखाद्या उंच जागी केंद्र उभारायचं, दूरवरून आलेला कार्यक्रम तिथे पकडायचा, त्याची ताकद वाढवायची आणि तो पुन्हा चहूकडे फेकायचा. याला आपण रिले केंद्र म्हणतो.

या केंद्राला उंची लागते, वीज लागते, रखवालदार आणि तंत्रज्ञ लागतात. कॅमेरा लागत नाही, माईक लागत नाही, स्टुडिओ लागत नाही. म्हणजे ज्या गावाच्या डोक्यावर ते उभं राहतं, त्या गावाला ऐकायची सोय होते, बोलायची होत नाही. हे तंत्राचं वर्णन आहे. पण समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने ते पुन्हा एकदा वाचावं. वरून आलेलं जसंच्या तसं खाली सोडायचं आणि खालचं काही वर जाऊ द्यायचं नाही, ही रचना आपल्याला नवी आहे का? बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं. त्या रचनेतही ज्ञान, आज्ञा आणि अपमान वरून खाली येतात. खालून वर जातात ते फक्त श्रम.

१९७२ ते १९७४ : वरळी आणि सिंहगड

भारतात टीव्ही आला १५ सप्टेंबर १९५९ रोजी, दिल्लीत, प्रयोग म्हणून. मुंबईचं केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. १९७३ मध्ये सिंहगडावरच्या रिले केंद्रामुळे मुंबईचे कार्यक्रम पुण्याला दिसू लागले. शाळेच्या पुस्तकात एवढंच असतं. आता याच तारखांच्या शेजारी आपल्या तारखा मांडून पाहू.

१९७२ हे महाराष्ट्राच्या भीषण दुष्काळाचं वर्ष. खडी फोडायच्या कामावर सगळ्यात आधी आपलीच माणसं गेली. याच वर्षी पुणे जिल्ह्यातल्या बावड्यात दलितांवर सामाजिक बहिष्कार पडला. परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात दलित स्त्रियांची विटंबना झाली. २९ मे १९७२ रोजी मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली आणि १५ ऑगस्टला स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी वर्षात पँथरने काळा स्वातंत्र्यदिन पाळला. त्यानंतर दीडेक महिन्याने मुंबईच्या पडद्यावर पहिलं चित्र उमटलं.

दूरदर्शनचं मुंबई केंद्र वरळीत आहे. त्याच वरळीत बीडीडी चाळी आहेत. जानेवारी १९७४ मध्ये पँथरच्या सभेनंतर या चाळींमध्ये दंगल पेटली, ती पुढचे काही महिने धुमसत राहिली. १० जानेवारीच्या मोर्चात भागवत जाधव शहीद झाले. म्हणजे ज्या परिसरातून राज्याच्या टीव्हीचा आवाज निघत होता, त्याच परिसरातल्या चाळींमध्ये आपली माणसं रक्तबंबाळ होत होती. चाळीतल्या माणसाला स्वतःची बाजू सांगायची तर त्याच्याकडे पत्रकं, भिंती आणि स्वतःचा गळा होता. टीव्हीचा आवाज सह्याद्री ओलांडून पुण्याला जाण्यासाठी सरकारने गड चढून मनोरा उभा केला. चाळीतल्या आवाजासाठी शेजारच्या गल्लीचा रस्तादेखील उघडा नव्हता.

अंतराची अडचण विज्ञानाने सोडवली. जातीची अडचण सोडवायचं काम विज्ञानाचं नाही. ते माणसांनी करायचं असतं, आणि ज्यांच्या हाती ती यंत्रणा होती त्यांना ते करायचं नव्हतं.

त्याच गडावर टिळकांचा बंगलाही आहे

सिंहगडावर लोकमान्य टिळकांचा बंगला आहे, तो सगळे पाहतात. चौदाव्या शतकात हाच कोंढाणा मुहम्मद तुघलकाच्या सैन्याविरुद्ध महिनोनमहिने लढवणाऱ्या कोळी सरदार नाग नायकाचं नाव मात्र फार थोड्यांना माहीत असतं. कुणाची आठवण गडावर राहते आणि कुणाची पायथ्यालाच विरते, हाही रिलेचाच प्रश्न आहे.

टिळकांचा उल्लेख मुद्दाम केला. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केलं, तेव्हा त्याची जाहिरात 'केसरी'कडे पाठवली होती. पैसे देऊन छापायची जाहिरात. ती 'केसरी'ने छापली नाही. पुढे ही गोष्ट खुद्द बाबासाहेबांनीच 'बहिष्कृत भारत'मधून नोंदवली. आम्ही पैसे देतो, तुम्ही फक्त पुढे पोहोचवा, एवढीच विनंती होती. म्हणजे बाबासाहेब 'केसरी'कडून मत मागत नव्हते, रिले मागत होते. तोही नाकारला गेला.

यावर बाबासाहेबांनी 'केसरी'च्या दारात धरणं धरलं नाही. त्यांनी आपला छापखाना, आपलं पत्र, आपले वर्गणीदार उभे करायचा मार्ग धरला. 'मूकनायक', 'बहिष्कृत भारत', 'जनता' आणि शेवटी 'प्रबुद्ध भारत'. पैसे संपले, पत्रं बंद पडली, पुन्हा सुरू झाली. दुसऱ्याच्या मनोऱ्यावर आपला आवाज चढेल ही आशा त्यांनी फार लवकर सोडली होती.

रेडिओबद्दलही एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओवर हार्मोनियमला बंदी आली आणि ती सुमारे तीस वर्षं टिकली. कारण संगीतशास्त्राचं दिलं गेलं: पेटीवर भारतीय श्रुती नीट वाजत नाहीत, ते परदेशी वाद्य आहे वगैरे. तो वाद संगीततज्ज्ञांनी करावा. आम्ही एवढंच विचारतो, त्या तीस वर्षांत पेटीवर कोण गात होतं? आंबेडकरी जलसे पेटी, ढोलकी आणि तुणतुण्यावर उभे होते. गायनपार्टीचा तर पेटी हा कणा. बंदी आपल्याला डोळ्यासमोर ठेवून घातली असं आम्ही म्हणत नाही. पण जो वर्ग 'शुद्ध' काय ते ठरवतो, त्याच्या निर्णयाची किंमत नेहमी दाराबाहेरचे लोक मोजतात.

आणि तरीही ३ ऑक्टोबर १९५४ रोजी बाबासाहेब आकाशवाणीवर बोलले. आपलं जीवनविषयक तत्त्वज्ञान स्वातंत्र्य, समता आणि बंधुता या तीन शब्दांत आहे आणि ते आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनं घेतलेलं नाही, आपले गुरू बुद्ध यांच्या शिकवणीतून घेतलेलं आहे, असं त्यांनी त्या भाषणात सांगितलं. लहरी तेवढ्या दिवसापुरत्या आपल्या झाल्या. त्या एका भाषणाचा आधार आपण सत्तर वर्षं घेतो आहोत. एकदा माईक मिळाला तर काय घडतं, हे त्यावरून कळावं.

दिवसाला एक टॉवर

१९८२ मध्ये दिल्लीच्या आशियाई खेळांच्या निमित्ताने रंगीत टीव्ही आला. १५ ऑगस्ट १९८२ पासून दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. १९८३ मध्ये इन्सॅट-१बी उपग्रह अवकाशात गेला आणि डोंगराची अडचणच उरली नाही. आता चित्र आकाशातून खाली येणार, गावातली थाळी ते पकडणार आणि छोटा ट्रान्समीटर ते वाटणार. १९८४ मध्ये तर काही महिने देशात जवळजवळ दिवसाला एक ट्रान्समीटर बसत होता. ही लघुशक्ती प्रक्षेपण केंद्रं साधारण १०० वॅटची असत आणि आसपासच्या पंधरा-वीस किलोमीटरपर्यंत दिसत. तालुक्याच्या गावाबाहेर टेकडीवर कुंपण, दोन खोल्या, थाळी आणि मनोरा एवढाच त्यांचा पसारा.

त्यातल्या बहुतेक केंद्रांना स्थानिक कार्यक्रम करायची काही सोयच नव्हती. मुंबई-पुण्याच्या काळात निदान 'आमची माती आमची माणसं' मराठीत होतं. आता प्राइम टाइमला दिल्ली थेट माळरानावर उतरली. दूरदर्शनच्या कार्यक्रमांसाठी नेमलेल्या पी. सी. जोशी यांच्या अभ्यासगटानेही टीव्हीच्या या दिल्लीकेंद्री, शहरी वळणावर टीका केली. सरकारने नेमलेल्या गटाला जे दिसलं ते सरकारला दिसलं नाही, कारण सरकारला मनोऱ्यांची संख्या मोजायची होती. किती टक्के लोकसंख्या 'व्याप्तीत' आली, हा त्या काळचा आवडता हिशेब. व्याप्तीत आलेला माणूस काय म्हणतो, याचा रकाना त्या तक्त्यात नव्हताच.

आमची आत्या त्या दिवसांबद्दल सांगते. गावात एकच टीव्ही होता. अँटेना फिरवायला एक पोरगं पत्र्यावर चढायचं आणि खालून सगळे ओरडायचे, "आलं का? मुंग्याच दिसतायत!" चित्र स्थिर झालं की वाड्यातली माणसं आत बसत. आपल्या वाड्यातल्या बायका-पोरं ओट्याखाली उभी राहून खिडकीतून बघत. आत्या म्हणते, "हाकलत नव्हते कुणी. पण 'बस' असंही कुणी म्हटलं नाही." दिल्लीहून निघालेलं चित्र उपग्रहाला शिवून, टेकडीवरून उडी मारून गावात पोहोचत होतं. शेवटच्या दहा पावलांत त्याला पुन्हा जातीची सावली लागत होती.

रामायण आणि 'रिडल्स'

आता सगळ्यात महत्त्वाचं. २५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८ या काळात दर रविवारी सकाळी दूरदर्शनवर रामानंद सागर यांचं 'रामायण' चाललं. देशातल्या झाडून सगळ्या रिले केंद्रांनी ते पुढे पाठवलं. रस्ते ओस पडत, टीव्हीला हार घातले जात. धर्मनिरपेक्ष राज्याच्या, जनतेच्या करातून उभ्या राहिलेल्या मनोऱ्यांवरून एका धर्माची कथा घरोघर गेली.

याच काळात महाराष्ट्रात काय चाललं होतं? १९८७ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचा चौथा खंड प्रकाशित केला: 'रिडल्स इन हिंदुइझम'. वसंत मून यांच्या संपादनाखाली निघालेल्या या खंडाच्या परिशिष्टात राम आणि कृष्ण यांची चिकित्सा होती. १९८८ उजाडताच त्याविरुद्ध गदारोळ झाला. ते प्रकरण काढून टाका, अशी मागणी रस्त्यावर आली. आणि मग ५ फेब्रुवारी १९८८ रोजी आपला समाज मुंबईत उतरला. गटातटात विखुरलेले नेते त्या दिवशी एका मोर्चात चालले. शेवटी मजकूर राहिला, पण शासनाने त्या प्रकरणाखाली टीप टाकली की यातील मतांशी शासन सहमत नाही.

मित्रहो, या दोन घटना एकमेकींशेजारी ठेवा. रविवारी सकाळी राम आकाशातून येतो, त्याच्याखाली कसलीही टीप नाही. "या मालिकेतील मतांशी शासन सहमत नाही" अशी पाटी एकाही भागाला लागली नाही. आणि राज्यघटनेच्या मसुदा समितीच्या अध्यक्षाने लिहिलेलं प्रकरण पुस्तकात ठेवायचं तर लाखो पावलांना मुंबईत चालावं लागतं, आणि त्यानंतरही त्याच्या कपाळी टीप येते. एका कथेला उपग्रह, आणि तिच्या चिकित्सेला पायपीट.

यात आणखी एक गुंतागुंत आहे, ती लपवू नये. 'रामायण' संपायला आलं तेव्हा पंजाबात जालंधरला सफाई कामगारांनी संप केला, तो इतर शहरांत पसरला. हे कामगार वाल्मीकी समाजाचे. उत्तरकांड, म्हणजे ज्यात वाल्मीकी ऋषींचं स्थान मोठं आहे तो भाग, दाखवल्याशिवाय मालिका संपवू नका, अशी त्यांची मागणी होती. सरकार नमलं आणि पुढचे भाग निघाले. आपल्यातले काही जण यावर हसतात: बघा, गुलामीच मागितली. आम्ही हसत नाही. त्या माणसांपाशी माईक नव्हता, स्टुडिओ नव्हता. त्यांच्यापाशी झाडू होता, तो त्यांनी खाली ठेवला आणि दिल्लीला ऐकावं लागलं. दिशा चुकली असेल, ताकद खरी होती. दुसऱ्याच्या कथेत आपल्याला जागा द्या, यासाठी ती ताकद खर्च झाली, हे दुःख आहे. स्वतःची कथा सांगायचं साधन हाती असतं तर ती कुठे खर्च झाली असती?

पीजचा वेगळा मनोरा

यावर कुणी म्हणेल, तंत्रच तसं होतं, सरकार तरी काय करणार? हे खरं नाही. गुजरातच्या खेडा जिल्ह्यात पीज नावाचं गाव आहे. १९७५ मध्ये तिथे १ किलोवॅटचा छोटा ट्रान्समीटर बसला. अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्राने तो चालवला. हा मनोरा दिल्लीचा कार्यक्रम पुढे पाठवायचा, पण त्याचबरोबर त्याच जिल्ह्यासाठी बनवलेले कार्यक्रमही दाखवायचा. गावकऱ्यांच्या बोलीत, गावातल्याच माणसांना घेऊन, शेतमजुरीचा दर, जातिभेद, दारू, स्त्रियांची अवस्था यांवर. सार्वजनिक जागी ठेवलेल्या टीव्हीसमोर लोक एकत्र बसून ते पाहायचे. या प्रयोगाला १९८४ मध्ये युनेस्कोचं ग्रामीण संज्ञापनाचं पारितोषिक मिळालं.

आणि पुढच्याच वर्षापासून त्याची अखेर सुरू झाली. मोठ्या शहरातून मोठ्या ताकदीचं प्रक्षेपण आलं आणि पीजचं वेगळेपण संपलं. मजुरीच्या दरावर बोलणारा एक मनोरा बंद पडतो आणि फक्त वरचं खाली सोडणारे शेकडो मनोरे उभे राहतात, तेव्हा तो पैशाचा किंवा तंत्राचा प्रश्न उरत नाही. लोकांना बोलू द्यायचं की नाही, याचा तो निर्णय असतो.

आपला रिले

मग आपला समाज मुका राहिला का? मुळीच नाही. सरकारी मनोरे उभे राहण्याच्या कितीतरी आधी आपण आपला रिले उभा केला होता. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथीदारांचे जलसे नाशिककडून निघून गावोगाव जात. वामनदादा कर्डक आयुष्यभर झोळी घेऊन फिरले. एका गावात गाणं झालं की तिथलं पोरगं ते पाठ करायचं आणि पुढच्या गावात म्हणायचं. पुढे कॅसेट आली. जयंतीच्या कर्ण्यावरून, रिक्षातून, लग्नाच्या मांडवातून भीमगीतं वाजली. विठ्ठल उमप यांनी तर २६ नोव्हेंबर २०१० रोजी, संविधान दिनी, नागपूरच्या दीक्षाभूमीवरच्या मंचावर अखेरचा श्वास घेतला.

या रिलेला परवाना नव्हता, उंची नव्हती. सरकारी रिलेत मात्र पुढे पाठवणाऱ्याने एक अक्षरही बदलायचं नसतं. आपल्या रिलेत प्रत्येक गावाने त्यात आपली भर घातली: आपला अत्याचार, आपली विहीर, आपला मोर्चा. खालून वर आणि एका वाड्यातून दुसऱ्या वाड्याकडे असा तो चालला. म्हणूनच लिहिता-वाचता न येणाऱ्या आपल्या आजीला बाबासाहेब कळले. ते तिला दूरदर्शनने सांगितले नाहीत.

लहरी कुणाच्या?

आता एक प्रामाणिक आक्षेप. प्रसारण हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत संघसूचीतल्या ३१ व्या नोंदीत आहे, म्हणजे केंद्राकडे. मग बाबासाहेबांच्याच घटनेने मनोऱ्याची किल्ली दिल्लीला दिली, असं कुणी म्हणू शकेल. उत्तर सोपं आहे. सत्ता कुणाकडे, हे सूची सांगते. ती कशासाठी वापरायची, हे मूलभूत हक्क सांगतात. त्याच घटनेत अनुच्छेद १९ आहे. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाच्या खटल्यात निकाल दिला की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्यांवर सरकारची मक्तेदारी नाही आणि त्या लोकांच्या हितासाठीच वापरल्या पाहिजेत. त्या पीठात न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. खटला क्रिकेटचा होता, पण निकाल चवदार तळ्याच्या जातकुळीचा आहे. तळं सार्वजनिक असेल तर पाणी पिण्याचा हक्क सगळ्यांचा. लहरी सार्वजनिक असतील तर बोलण्याचा हक्क सगळ्यांचा.

कागदावरचं पाणी ओंजळीत यायला मात्र वेळ लागला. २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओ चालवायची मुभा दिली. १५ ऑक्टोबर २००८ रोजी तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या, आताच्या तेलंगणातल्या झहीराबादजवळ माचनूर गावात 'संघम रेडिओ' सुरू झाला. तो चालवतात दलित स्त्रिया, शेतात राबणाऱ्या. आपलं बियाणं, आपली भाकरी, आपली गाणी, आपली भाषा यांवर त्या बोलतात. त्यांचा मनोरा सिंहगडाच्या मानाने काडीएवढा. पण त्या मुलीचा प्रश्न तिथे विचारला तर उत्तर मिळतं: याच्यात आम्ही बोलतो.

तरी एक मेख आहेच. सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा पुढे पाठवता येतात. गावातल्या अत्याचाराची बातमी गावाच्या रेडिओने द्यायची नाही. म्हणजे तिथेही शेवटी रिलेच!

मनोरे गेले, रिले राहिला

प्रसार भारतीने ३१ मार्च २०२२ पर्यंत मोक्याच्या ठिकाणची सुमारे ५० केंद्रं सोडून दूरदर्शनची जुन्या पद्धतीची जमिनीवरची प्रक्षेपण केंद्रं बंद करायचं ठरवलं. मोकळ्या झालेल्या लहरी ५जीसारख्या नव्या वापराला जाणार. अनेक तालुक्यांच्या टेकडीवर आता गंजलेलं कुंपण उरलं आहे. आपल्याला वाटलं, सुटलो. आता प्रत्येकाच्या हातात कॅमेरा आहे, माईक आहे.

खरंच तसं आहे का? आमच्या अभ्यासवर्गातल्या मुलांचे मोबाईल आम्ही पाहतो. दिवसभरात तीस गोष्टी पुढे ढकलतात, स्वतः लिहिलेली एकही नसते. १४ एप्रिलला तेच बॅनर, ६ डिसेंबरला तोच स्टेटस. कुणीतरी वरून सोडलेलं जसंच्या तसं पुढे पाठवायचं, हे काम पूर्वी टेकडीवरचं यंत्र करायचं, आता आपण करतो आहोत. आणि कुणाचा व्हिडिओ किती जणांना दिसावा हे ठरवणारी किल्ली दिल्लीतून निघून कंपन्यांच्या हाती गेली आहे. तिथे ना माहितीचा अधिकार चालतो, ना मोर्चा पोहोचतो. आपण मनोरा झालो आहोत, मित्रहो. उंच दिसतो, पण बोलत नाही.

म्हणून आमचं म्हणणं थोडक्यात मांडतो. एक, प्रत्येक विहारात आठवड्याला एक तास वस्तीतल्या माणसांचं बोलणं नोंदवायला लागा. आपल्या आत्या, आजी, जुने कार्यकर्ते, गायनपार्टीतले म्हातारे शाहीर यांच्यापासून सुरुवात करा. घरातल्या जुन्या कॅसेट बुरशी लागून जायच्या आत उतरवून घ्या. त्या एखाद्या कंपनीच्या चॅनेलवर टाकून विसरू नका, आपल्या संग्रहात प्रती ठेवा. दोन, ज्या संस्था लोकांमध्ये काही वर्षं काम करत आहेत त्यांनी सामुदायिक रेडिओच्या परवान्यासाठी अर्ज करावेत. पुतळ्यांसाठी आपण वर्गणी काढतो, एका छोट्या ट्रान्समीटरसाठी का नाही? तीन, सामुदायिक रेडिओला स्थानिक बातम्या देऊ द्या, ही मागणी आपल्या निवेदनांत घ्या. ती आपल्याच हक्काची आहे.

त्या मुलीला आम्ही पुढच्या रविवारी वर्गात उत्तर दिलं. सांगितलं, "तो टॉवर उंच आहे, कारण दुसऱ्याचं बोलणं लांब न्यायचं होतं." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने मोबाईल काढला, शेजारी बसलेल्या आजीसमोर धरला आणि म्हणाली, "आजी, तुमच्या गावात विहिरीचं काय झालं होतं ते सांगा ना."

आजी पंचवीस मिनिटं बोलली. ते रेकॉर्डिंग आमच्याकडे आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!